हाताच्या बदल्यात हात

कुरखेड्याकडच्या एका गावात त्या वर्षी ऐन धान रोवण्याच्या दिवसांत हिवतापाची साथ आली. घरोघरी माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत पडली. गुणवंतराव नुकताच तापातून उठला होता, पण अंगणात फिरला तरी त्याला धाप लागायची. शेतातल्या बांध्यांत चिखल तयार होता, धानाच्या रोपांचे पऱ्हे उंच होऊन पिवळे पडायला लागले होते, आणि रोवायला बाई मिळत नव्हती.

नाल्यापलीकडे गोंडांची लहान वस्ती होती, तिला टोला म्हणत. तिथल्या बाया दरवर्षी गावात मजुरीला येत. त्या दूर पळसाखाली जेवत आणि त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाई. आदल्या हंगामात टोल्यावरच्या लालसूच्या बायकोनं, चैतीनं, तहानेनं घागरीला हात लावला, तर गावातल्या एका शेतमालकानं तिच्या डोळ्यांदेखत घागर फोडली. तेव्हापासून टोल्यावरचं कुणीच गावात कामाला येत नव्हतं.

गुणवंतरावाची बायको रुखमाबाई सकाळीच नाला ओलांडून टोल्यावर गेली. चैती अंगण सारवत होती. रुखमाबाईनं पऱ्ह्यांची गत सांगितली, मजुरी वाढवून देते म्हणाली. चैतीनं हात धुतले आणि तिला बसायला बाज टाकली.

"मजुरी नोको," ती म्हणाली. "आमच्यात एकमेकीच्या बांधीत जातो. आमी तुमच्या इथी येतो, आमचा रोवणा लागला का तुमी या."

कुणब्याच्या बाईनं गोंडाच्या बांधीत रोवायला जावं, हे गावात कधी घडलं नव्हतं. पण चैतीचं म्हणणं सरळ होतं. रुखमाबाई येते म्हणाली.

घरी गुणवंतराव चिडला. लोक काय म्हणतील, पोरींची लग्नं व्हायची आहेत, असं बरंच बोलला. रुखमाबाईनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की शब्द दिला आहे, आणि बांधी पडीक राहिली तर लोक काही धान आणून देणार नाहीत.

टोल्यावरच्या बाया आल्या. दुपारी रुखमाबाईनं पाण्याचा लोटा चैतीच्या हातात दिला. चैतीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, ती पाणी प्यायली आणि तिनं लोटा पुढच्या बाईला दिला. दोन बांध पलीकडून शेजारी बघत होते.

मग लालसूचा रोवणा लागला. रुखमाबाई आपल्या जावेला, रंभाला, घेऊन गेली. चिखलात ओळीनं वाकल्यावर सगळ्यांच्या पाठी सारख्याच दुखत होत्या. बाया गोंडीत गाणं म्हणू लागल्या. रंभाला शब्द कळत नव्हते, तरी ती मागून सूर धरत होती. तिचा उच्चार ऐकून बाया हसल्या, ती पण हसली.

जेवणाच्या वेळी चैतीनं कोरे तांदूळ आणि नवं मडकं पुढं ठेवलं. आमच्या हातचं चालत नसेल तर तुम्ही आपलं शिजवा, असं तिनं मोकळेपणानं सांगितलं. रुखमाबाईनं मडकं बाजूला सारलं आणि पानाचा द्रोण पुढं केला.

"तुमची आंबीलच द्या," ती म्हणाली. "भूक लागली, शिजवाले येळ कुठी हाये."

परतताना त्या लालसूच्या घरी टेकल्या. रंभा कुतूहलानं घरात शिरायला लागली, तेव्हा लालसूच्या म्हाताऱ्या आईनं तिला अडवलं. आत त्यांचा देव होता; परक्या माणसानं तिथं जायचं नव्हतं. रंभाचा चेहरा उतरला. रुखमाबाईनं मात्र दारातूनच हात जोडले आणि ती अंगणात बाजेवर बसली. म्हातारी तिच्या शेजारी येऊन बसली आणि दोघी उशिरापर्यंत गुडघेदुखीवर बोलत राहिल्या.

गावात कुजबुज झाली. एका घरानं रुखमाबाईकडचं हळदीकुंकूही टाळलं. पण पुढच्या हंगामात त्याच घरची सून नाल्यापलीकडे जाऊन चैतीशी आपल्या रोवण्याचं बोलून आली. गुणवंतराव आपणहून बैल घेऊन लालसूच्या बांधीत चिखल करायला गेला. काम आटोपल्यावर दोघं बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"तुमच्या देवाची पूजा कवा असते?" गुणवंतरावानं विचारलं.

लालसूनं दिवस सांगितला. आत येता येणार नाही, पण अंगणात जेवायला या, असंही म्हणाला.

"येतो ना," गुणवंतराव म्हणाला, आणि बैलांना पाण्यावर नेण्यासाठी उठला.