ओला कापूस आणि पांढरे लुगडे

मी एक जुने लुगडे आहे, मित्रांनो, पांढऱ्या सुताचे. आर्णीजवळच्या एका खेड्यातली कांताबाई तिच्या बौद्ध पद्धतीच्या लग्नात मला नेसली होती. तेव्हा मी इतके उठून दिसत होते की बायका माझा पदर हातात घेऊन बघत. पुढे विरले, तेव्हा माझी झोळी झाली आणि तिचा मुलगा धम्मदीप माझ्यात निजून मोठा झाला. आता माझा उरलेला तुकडा त्याची बायको मोनाली कमरेला बांधते आणि माझ्यात कापूस वेचते.

पूर्वी वेचणी गावच्याच शिवारात असे. दुपारी घटकाभर बायका लिंबाखाली बसत, एकमेकींची थट्टा करत. ते ऐकून मलाही बरे वाटे. मग बोंडअळीने गावचा कापूस खाल्ला. आता बायका पहाटेच जीपमध्ये दाटीवाटीने बसून यवतमाळपल्याड जातात. तिकडे किलोमागे मजुरी जास्त मिळते खरी, पण जाण्यायेण्यातच अर्धा जीव जातो. शिणलेले हात चालत नाहीत, आणि जास्तीचे पैसे जीपवाल्याच्या खिशात जातात.

मोनालीचे बाळ अजून अंगावर पिते. दिवसभर ते कांताबाईपाशी असते. दुपार टळली की इकडे मोनालीचे दूध ओघळू लागते आणि माझ्यातला कापूस भिजतो. काल वजनकाट्यापाशी शेतमालक पंजाबरावांनी त्यात हात घातला.

"वजन वाढवाले पाणी मारते काय वं?" ते ओरडले. "उद्या ओला निघाला त येऊ नको!"

ते दूध आहे हे सगळ्या पुरुषांसमोर मोनाली कशी सांगणार? मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण मला तोंड कुठे आहे!

घरी कांताबाईने मला हुंगले. "हे त दूध हाये वं. सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू, आई? जीपमधली जागा गेली त खाऊ काय?"

आज मोनालीने कापसासाठी खताची रिकामी गोणी घेतली. मला तिने छातीभोवती करकचून आवळले, दूध आटावे म्हणून. बाळ हात पसरून रडत होते. ती मागे न बघता जीपकडे पळाली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी फाटले तरी चालेल. पण ज्या माझ्यात एक बाळ वाढले, त्या माझ्याकडून दुसऱ्याचे दूध तोडवू नका. कोणीतरी माझी गाठ सोडा.