डोंगरावर राहिलेली काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. तुमच्या घरी आता कणीक मळायला स्टीलची परात असेल, म्हणून सांगते. काठवट म्हणजे एकाच लाकडातून कोरून काढलेली मोठी, पसरट, उथळ परात. मी आंब्याच्या खोडाची आहे. भातकुलीच्या एका सुताराने मला आठ दिवस वाकस नावाच्या हत्याराने कोरलं, काचेच्या तुकड्याने घासलं आणि जवसाचं तेल पाजून उन्हात ठेवलं. त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षं मी कोरडी अशी फार थोडे दिवस राहिले. नेहमी कोणाचे तरी हात माझ्यात असायचे.

माझं घर भातकुलीच्या शेखरबुवांचं. बुवा कीर्तनकार. त्यांच्या घरच्या प्रत्येक सप्ताहाला कणीक माझ्यातच मळली गेली. भिंतीपलीकडे पेटीचा सूर लागायचा, खंजेरी वाजायची, बुवा उभे राहून नाम घ्यायचे आणि इकडे बुवांच्या पत्नी माणिकबाई त्याच ठेक्यावर कणकेला मुठी मारायच्या. मला किती चरणं पाठ झाली याचा हिशेब नाही. लाकडालाही नाम मुरतं, मित्रांनो. माझ्यात ते तेलासारखं मुरलं होतं. बुवा बोलायला लागले की रडणारं पोर गप्प व्हायचं आणि भांडणाऱ्या जावा एका चटईवर बसायच्या. असा गोड गळा मी दुसरा ऐकला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट माणूस म्हणाल. ते वाईट माणूस नव्हते.

दर श्रावणात बुवांचं भजनी मंडळ एक दिवसासाठी चिखलदऱ्याच्या डोंगरात जायचं. वरच्या पठारावर, सात घरांच्या एका वस्तीजवळ महादेवाचं ठाणं आहे. तिथे रोडग्यांचा नैवेद्य करायचा, पंगत बसवायची, कीर्तन करायचं आणि दिवस मावळायच्या आत घाट उतरायचा, असा मंडळाचा नेम होता. रोडगा म्हणजे जाड्या कणकेचा, आत तेल लावून घड्या घातलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. गॅसवर भाजलेला रोडगा देवाला चालत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणातही आम्ही पहाटेच निघालो. परतवाड्याला चहा झाला. घाट लागला तशी गाडीत भजनं रंगली. खिडकीबाहेर धुकं, मधूनच धुक्यातून पडणारं पांढरंशुभ्र पाणी. बुवांची सून ज्योत्स्ना दर वळणावर फोन बाहेर काढून फोटो घ्यायची आणि माणिकबाई म्हणायच्या, "हात आत घे व, डोंगरालेच देऊन येशीन तो फोन." सगळे हसायचे. रस्त्याच्या कडेला भाजलेली कणसं घेतली. असा आनंदाचा प्रवास होता.

चूक मात्र भातकुलीतच झाली होती. मंडळाने कणीक घेतली, वांगी घेतली, तूप, डाळ, पेटी, खंजेरी, पंगतीला घालायच्या पट्ट्या, चहासाठी छोटा गॅससुद्धा घेतला. गोवऱ्यांची पोती मात्र गाडीच्या टपावर उघडी टाकली. खाली काळ्या मातीच्या मुलखात तेव्हा कडक उघाड होती. डोंगरात पंधरा दिवसांपासून झड लागली आहे, हे कोणाच्या मनातच आलं नाही. वर पोचून पोती उतरवली तेव्हा आतून शेणाचं पाणी गळत होतं.

वस्तीतलं पहिलं घर नत्थुजी आणि जमुना या नवराबायकोचं. म्हशी पाळायच्या, खवा करायचा, तो परतवाड्याला पाठवायचा, हा त्यांचा धंदा. नत्थुजी सकाळीच खवा घेऊन गेला होता. जमुनाने पाहुणे पाहिले आणि न विचारता गोठ्याची पडवी झाडून दिली. पाऊस होता म्हणून मंडळाने स्वयंपाक तिथेच मांडला. मला पडवीत टेकवलं.

पडवीच्या कोपऱ्यात, उंच फळ्यांवर, गोवऱ्यांची रास रचलेली होती. वरून मातीने लिंपलेली, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी गोधडी. इतक्या जपून तर कोणी धान्यही ठेवत नाही.

"ह्या देते का व बाई?" माणिकबाईंनी विचारलं.

जमुना म्हणाली, "चुलीपुरत्या घरात हायेत, त्या नेता का?"

"चुलीपुरत्यानं काय होते? चाळीस मानसाची पंगत हाये. ह्या कावून नाही देत?"

"ह्या कामासाठी ठेवल्या."

"कोनत्या कामासाठी?"

जमुनाने घराच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धं लोटलेलं होतं. आत तिची सासू पुनाबाई खाटेवर पडून होती. तिला ऐकू येत होतं. जमुना हळूच म्हणाली, "हाये एक काम."

माणिकबाई हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. "देवाच्या कामापरस मोठं काम कोनतं हो? पैसे पाह्यजे तं सांग ना मोकळी."

जमुनाचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"दे व जमुना. देवाले नाही म्हनू नये."

जमुना तरी जागची हलली नाही. मग मंडळातल्या दोघा गड्यांनीच गोधडी काढली, प्लास्टिक काढलं, वरची माती फोडली. आतल्या गोवऱ्या खडखडीत होत्या. बुवांनी दाराकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाले, "धन्य हाये माउली."

माझ्यात कणीक पडली. माणिकबाईंनी नाम घेत मुठी मारल्या. गोवऱ्या अशा पेटल्या की बघत राहावं. नैवेद्य झाला, पंगत बसली. जमुनाने दह्याचं गाडगं आणून पंगतीत वाढलं. तिचा रोडगा तिने आत नेला, तुपात कुस्करला आणि म्हातारीला भरवला. दोन घास खाल्ले तिने, असं जमुना बाहेर येऊन सांगत होती. चार दिवसांत पहिल्यांदा खाल्लं म्हणून तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. माणिकबाई म्हणाल्या, "पाह्य, देवाच्या नैवेद्याचा गुन."

दुपारी तीनच्या सुमाराला म्हातारी गेली.

जमुना आत रडली तेव्हा बाहेर विडा चालला होता. नत्थुजी त्याच वेळी परत आला. आधी आत गेला. बराच वेळ आत होता. मग पडवीत आला, कोपऱ्यातल्या रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं, आणि मग निखाऱ्यांकडे. त्याने राखेत हात घातला. चटका बसला तरी काढला नाही. आत काही शाबूत राहिलं आहे का, ते तो चाचपत होता.

"मायच्या होत्या," तो म्हणाला.

कोणाला कळलं नाही. मग वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. इथे चार महिने धुकं उठत नाही. लाकूड मिळतं, पण ओलं, आणि ओलं लाकूड पेटायला खाली कोरड्या गोवऱ्या लागतात. म्हणून वस्तीतलं थकलेलं जुनं माणूस फाल्गुन-चैत्रातच आपल्या सरणाच्या गोवऱ्या आपल्या हाताने थापून ठेवतं. पावसाळा निभला तर त्या चुलीत जातात आणि सगळी वस्ती त्या दिवशी गोड खाते. औंदा एकट्या पुनाबाईने थापल्या होत्या. त्यावर आम्ही रोडगे भाजले.

मित्रांनो, मी तिथे होते. बुवा म्हणाले, "नत्थुजी, उद्या सकाळी गाडीभर पाठवतो. परतवाड्याहून."

ड्रायव्हर म्हणाला, "बुवा, धुकं दाटून राह्यलं. आता निघालो नाही तं घाटात अडकू."

मंडळ भराभर आवरायला लागलं. ज्योत्स्ना मला उचलायला वाकली. माणिकबाईंनी तिचा हात धरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे तिले. सुतकाच्या घरी टेकली. आता देवाच्या कामाची नाही." गाडी गेली. पाठवायच्या गोवऱ्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीने घरोघरच्या चुलीतल्या उरल्यासुरल्या गोवऱ्या गोळा केल्या. टोपलंभरही झाल्या नाहीत. नत्थुजी कुऱ्हाड घेऊन पडवीत आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"हे पाह्य जमुना, किती वायली-सुकली हाये. ढलप्या काढतो. लगेच पेट घेईन."

मी खरं सांगते, मला आनंद झाला. पन्नास वर्षांचं तेल माझ्या अंगात होतं. मी एका काडीत पेटले असते. आदल्या दिवशी ज्या म्हातारीचं माझ्यामुळे गेलं, तिचं थोडं तरी परत करता आलं असतं.

जमुनाने नवऱ्याच्या कुऱ्हाडीला हात लावला. "नोको. त्या बाया घाईत इसरून गेल्या. लोकाची चीज हाये. मायच्या सरनात चोरीचं लाकूड नोको."

नत्थुजीने कुऱ्हाड खाली ठेवली.

ते सरण दिवसभर धुमसत राहिलं. डिझेल ओतलं, गाडीचा जुना टायर टाकला. काळा धूर उठायचा, धुक्यात अडकायचा आणि वस्तीवरच बसायचा. जमुना पडवीत माझ्या शेजारी बसली होती. तिने तोंडावर पदर धरला होता. संध्याकाळी नत्थुजी आला तो सगळा काळा झाला होता. त्याने हात धुतले नाहीत. तो म्हणाला, "अर्धीच झाली." पुढचं मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

त्यानंतर वर्षभर जमुनाने मला जपलं. महिन्याला तेलाचा हात फिरवायची, फडक्यात बांधून ठेवायची. चिमूटभर कणीकसुद्धा माझ्यात कधी मळली नाही. "त्याईची हाये, न्यायले येतीन," एवढंच म्हणायची. इतकी काळजी मला भातकुलीत कधी मिळाली नाही, आणि ती मला रोज टोचायची.

पुढच्या श्रावणात मंडळ आलं. या वेळी गोवऱ्या ताडपत्रीत घट्ट बांधलेल्या होत्या. माणिकबाईंनी वस्तीतल्या बायांना त्या दाखवल्यासुद्धा. "औंदा आमच्या आमी आनल्या. तुमाले काही तरास नाही."

ठाण्यापुढे ताडपत्रीखाली कीर्तन उभं राहिलं. जमुना मला काखेत घेऊन, पदराने झाकून, मागे येऊन बसली. बुवांचा आवाज कानावर पडला आणि माझं सगळं लाकूड विरघळल्यासारखं झालं. काय गायले ते त्या दिवशी! उत्तररंगात त्यांनी दृष्टांत घेतला. याच डोंगरात एक म्हातारी होती. तिने आपल्या सरणाच्या गोवऱ्या हसतमुखाने देवाच्या नैवेद्याला दिल्या. देवाचा प्रसाद मुखी पडला आणि त्याच क्षणी तिला न्यायला विमान आलं. तिला अग्नीची गरजच उरली नाही, म्हणाले. खंजेरी थांबली. बायांनी डोळे पुसले. ज्योत्स्ना फोनवर ते सगळं घेत होती.

जमुना हात जोडून शेवटपर्यंत बसली. आरतीनंतर ती बुवांच्या पाया पडली. बुवांनी तिला ओळखलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी तिच्या हातावर प्रसाद ठेवला आणि पुढच्या बाईकडे वळले.

मग तिने मला माणिकबाईंपुढे धरलं. फडकं सोडलं. माझं अंग चकाकत होतं.

"तुमची काठवट, माय. इसरल्या होत्या तुमी."

माणिकबाई दोन पावलं मागे सरल्या. "अव बाई, ठेवली का तू अजून? आमी इसरलो नव्हतो, टाकून गेलो होतो. चुलीत घालाची नाही का तवाच."

जमुनाने विचारलं, "टाकून?"

"मंग? सुतकाची काठवट कोन नेईन?" माणिकबाई म्हणाल्या आणि प्रेमानेच म्हणाल्या, "चाल, पंगतीले बस. गरम हायेत रोडगे."

"घरी म्हशी पाह्याच्या हायेत," जमुना म्हणाली.

परत येताना पाऊस होता. तिने मला झाकलं नाही. फडकं हातात तसंच लोंबत होतं. घरी नत्थुजी दारात बसला होता. "नेली नाही?" त्याने विचारलं.

"त्याईनं तवाच टाकली होती म्हने."

नत्थुजी उठला, त्याने मला पुसलं आणि पडवीच्या फळ्यांवर, त्या वर्षी जमुनाने थापून ठेवलेल्या गोवऱ्यांच्या राशीवर नेऊन ठेवलं. "आता आपलीच हाये तं," तो म्हणाला. "आपल्या दोघाईत जो आंधी जाईन, त्याच्या कामी येईन."

मी आता तिथेच आहे, मित्रांनो. मला या जागेचं दुःख नाही. तुम्हीही श्रावणात डोंगर बघायला याल. इथली माणसं तुम्हाला पडवी झाडून देतील, दही वाढतील, मागाल ते देतील. म्हणून मागताना जपा. कोणी वस्तू झाकून ठेवली असेल आणि तुमच्या प्रश्नावर त्या माणसाची नजर घराच्या दाराकडे गेली, तर तो प्रश्न तिथेच सोडा. वस्तू टाकून जायची असेल, तर टाकली म्हणून सांगून जा. आणि कधी कीर्तनात त्या म्हातारीचा दृष्टांत कानावर पडला, तर हात जोडून ऐका, गळा फार गोड आहे. पण आरती झाल्यावर पुढे जा आणि बुवांना त्या धुराचं विचारा.