सुलेमानच्या टेकडीचा अर्ज

गुंडूला कायदा कळतो, हे आखातात, गुदैबियाच्या त्या कोकणी पोरांच्या खोलीत सगळ्यांनी मान्य केलेलं, आणि सगळ्यांत आधी गुंडूने. कारणही होतं बरं का. संगमेश्वराकडची त्याची वाडी अख्खी खोताची. बापाने जन्मभर खोताला खंडाचं भात घातलं, पण दरवेळी पावती मागून घेतली आणि पत्र्याच्या डब्यात जपली. कूळ कायदा आला, मामलेदाराने पावत्या बघितल्या, जमीन बापाच्या नावावर. तेव्हापासून गुंडूचं एकच: कसतोस ना? मग कूळ म्हणून नाव लाव, खोत गेला उडत.

तर ही चौऱ्याहत्तरची गोष्ट. तिथेच हिद्दच्या एका गॅरेजात गुंडू वेल्डर, आणि त्याच्या जोडीला युगांडाचा मेकॅनिक, सुलेमान किग्गुंडू. नाव ऐकलं आणि गुंडू त्याला जो चिकटला तो चिकटलाच. माझ्याच नावाला पुढे ‘कि’ लावलंय, हा आमच्या भावकीतला, असं गावभर सांगत फिरायचा. सुलेमान कंपालाला गुजराती शेठकडे काम शिकलेला, त्यामुळे हिंदी फाडफाड.

एक दिवस सुलेमान जेवलाच नाही. बहीण रशीदाचं पत्र आलेलं. म्हाताऱ्या बापाने अंथरूण धरलंय आणि टेकडीचा मालक सांगून गेलाय, म्हाताऱ्याला इथे पुरायचं नाही. आता त्या टेकडीवर सुलेमानच्या तेरा पिढ्या पुरलेल्या. मग हा मालक आला कुठून? तर इंग्रजांच्या तहातून. एकोणीसशे साली युगांडातल्या त्यांच्या बुगांडा राज्याचा राजा म्हणजे दुधावरचं पोर. कारभाऱ्यांनी आणि सरदारांनी इंग्रजांशी तह केला आणि राज्याची जमीन चौरस मैलांनी वाटून घेतली. अर्धी इंग्रजांना, बाकीच्यात राजा आणि हे सरदार. ज्याला जी टेकडी आवडली ती त्याची. तिथे कोणाचे बापजादे झोपलेत, हे कोण विचारतो? पुढे इंग्रज गेले, सदुसष्ट साली राजाचं राज्यही बुडवलं, पण सरदाराच्या नातवाकडचा कागद मात्र जागच्या जागी.

सुलेमानला जमीन नको होती हो. बापाला आजोबाशेजारी झोपवायचं, एवढंच.

गुंडूला तर चेवच आला. त्याने सुलेमानला धरून ताहिरकडे नेलं. ताहिर दापोलीकडचा, किराणा दुकानाच्या माळ्यावर टाइपरायटर घेऊन बसायचा, लोकांचे अर्ज लिहायचा. गुंडू सांगत गेला, ताहिर कंपालाच्या जमीन ऑफिसच्या नावाने इंग्रजीत ठोकत गेला. आम्ही आजोबांपासून या टेकडीवर कूळ आहोत, मालकाला खंड देत आलोय, तरी आमचा हक्क राखावा.

खंडाचं ऐकल्यावर सुलेमान चुळबुळला. खंड तर आम्ही कधी दिलाच नाही, म्हणाला.

“अरे चूप बैठ ना,” गुंडू म्हणाला. “खंड नही दिया तो कूळ कैसा बनेगा? मेरे बाप को ऐसेच मिला.”

ताहिरने हात थांबवले. “गुंडूदा, कोकणातला कायदा तिकडे चालतो का रे?”

“ताहिरभाई, कागद इंग्रजाचाच ना? मग खोत सगळीकडे खोतच.”

सुलेमानने गुंडूकडे बघितलं, गुंडूने मान डोलावली, आणि सुलेमानने सही केली.

दीड महिन्याने रशीदाचं दुसरं पत्र आलं. जॅकवर चढवलेल्या गाडीशी बसून सुलेमानने ते वाचलं, मग हळूहळू गुंडूला समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, शिवी नाही. झालं होतं असं, की ऑफिसातून अर्जाची नक्कल मालकाला मिळाली आणि त्याने ती चार वडीलधाऱ्यांना जमवून वाचून दाखवली. सुलेमानच्या आजोबाने एक पैसा खंड दिला नव्हता. बापाने दिला नव्हता, त्यापायी तो दोनदा तुरुंगात जाऊन आला होता. कारण खंड दिला म्हणजे आपले पूर्वज परक्याच्या जमिनीत पुरलेत हे कबूल केलं. भावकीच्या हातात काही होतं ते तेवढंच, न दिलेला खंड. आणि आता पोराने परदेशातून सहीनिशी लिहून दिलं, की आम्ही देत आलो. बापाने अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

गुंडू त्याच दुपारी अर्धी शिफ्ट टाकून ताहिरकडे पळाला. लिही, म्हणाला, ती ओळ खोटी आहे, ती माझी आहे, सुलेमानची नाही. ताहिर म्हणाला, ते विचारतील तू कोण. तरी त्याने टाइप केलं, सुलेमानने सही केली, गुंडूने रजिस्टर पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिला. ऑफिसच्या फायलीत पहिला अर्ज आधीच लागलेला होता ना.

उत्तर आलंच नाही. तार आली. म्हाताऱ्याला टेकडीखाली, रस्त्याकडेच्या मशिदीमागे दफन केलं होतं.

संध्याकाळी गॅरेजातले सगळे सुलेमानच्या खोलीवर बसायला आले. फोरमन नजीब आला, कोणी खजूर आणले, कोणी गावा, म्हणजे ती अरबी कॉफी, ओतत होतं. गुंडू दाराजवळ चपलांच्या ढिगाशी उभा. नजीबने सुलेमानला विचारलं, जाणं जमलं नाही, पण इथून काही करता आलं का?

सुलेमानने हात करून गुंडूला पुढे बोलावलं, आपल्या शेजारी बसवलं.

“हा माझा दोस्त,” तो म्हणाला. “याने बापासाठी मला अर्ज लिहून दिला.”

त्यात टोमणा नव्हता, शप्पथ. तोंडावर तसलं काहीच नव्हतं. नजीबने गुंडूच्या खांद्यावर हात ठेवला, अल्ला तुझं भलं करो म्हणाला, मग दुसऱ्याने ठेवला, मग तिसऱ्याने. गुंडू खाली मान घालून एकेकाचा हात सोसत बसला.