निळ्या झग्याची कंबर

वॉर्डातून फोन आला तेव्हा मास्तर एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही कापत होते. कात्री अर्ध्यात थांबली की कापड बिघडतं, म्हणून त्यांनी बाही पुरी कापली आणि मग फोन घेतला. नर्स म्हणाली, "तुमच्या मिसेस सकाळी सव्वासहाला गेल्या." मास्तर म्हणाले, "बरं." तीस वर्षं समोरच्या मशीनवर बसणारी बायको गेली आणि तोंडातून निघालं काय, तर "बरं".

त्याला आता दोन महिने झाले. आज सकाळी लेक दुकानात आली, हातात आईचा निळा झगा.

"बाबा, हा माझ्या मापाचा करून द्या. गुरुवारी तपासणीला घालून जाईन. आई बरोबर असल्यासारखं वाटेल."

"कसली तपासणी?"

"लिव्हरची. आईच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलंय ना, कारण सापडलं नाही, रक्तातून आलेलं असू शकतं. म्हणजे उद्या मला, परवा माझ्या होणाऱ्या मुलाला. आम्ही मुलाचा विचारसुद्धा थांबवलाय."

टेप धरलेला मास्तरांचा हात खाली आला.

डॉक्टरांनी विचारलं होतं, अगदी सरळ. या दारू घेतात का, किती, कधीपासून. आणि मास्तर फटकन म्हणाले होते, "छे हो डॉक्टर, भलतंच काय! तिला वाससुद्धा सहन होत नाही." खाटेवर बायको छताकडे बघत पडली होती. तिनेही तोंड उघडलं नाही. डॉक्टर बिचारे भलत्याच वाटेने शोधत राहिले.

आणि रोज काय चालायचं? संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की मशीनमागून बिअरच्या बाटल्या निघायच्या. सवय मास्तरांनीच लावली. "दिवसभर कापडाची धूळ घशात जाते, धुवायला नको?" आधी दोघांत एक बाटली. मग एकेक. मग तीन-तीन, एकही दिवस न चुकता.

"ही काय दारू आहे?" ती म्हणायची. "फेसाळ पाणी! दारू पितो तो तुमचा पलीकडचा न्हावी."

मास्तर दोन्ही ग्लास डोळ्यांसमोर धरून पातळी सारखी करायचे. न्याय म्हणजे न्याय. तेवढ्याच बिअरने बाईच्या शरीराला आधी इजा होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाला विचारायचं, तर किती पितो तेही सांगावं लागलं असतं.

लेकीने झगा उलटा केला. शिंप्याचीच पोर ती, नजर आधी शिवणीवर गेली. कमरेपाशी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन रांगा होत्या, एकीच्या बाहेर एक.

"तीनदा सैल केलात?"

"हो."

"पण आई तर वाळत चालली होती. हे बघा, बाही आत घेतलीय."

"हातपाय वाळत होते. पोट वाढत होतं. पोटात पाणी व्हायला लागलं होतं."

"म्हणजे तुम्हाला कळत होतं."

कळत तर होतंच. अर्ध्या इंचाचा फरक नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस तो. दर वेळी बायको हात वर करून उभी राहायची आणि म्हणायची, "मास्तर, गिऱ्हाईक फुगलं हो!" दोघं हसायची. मास्तर दोन बोटं सैल करून द्यायचे, आणि संध्याकाळी पुन्हा ग्लास भरायचे.

"बाबा, बोला ना. तेव्हाच डॉक्टरकडे का नाही नेलंत?"

एका वाक्याचं काम होतं. तुझ्या रक्तात काही नाही, पोरी, आम्ही दोघं रोज पीत होतो. वाक्य ओठांपर्यंत आलं. पण लेक आईचा झगा छातीशी धरून उभी होती, आणि त्यांची मान वर होईना.

"दुकानात फार काम होतं तेव्हा," ते म्हणाले.

लेकीने डोळे पुसले. "बुधवारी न्यायला येते," म्हणाली आणि गेली.

मास्तरांनी कमरेची शिवण उसवली, खडूने खूण केली आणि झगा लेकीच्या मापाला आणला. बाही मोकळी केली. जुनी भोकं इस्त्रीने बुजत नाहीत, तरी दोनदा इस्त्री फिरवली. झगा तयार होऊन खुंटीला लागला आहे. डॉक्टरांना आणि लेकीला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.