वाक्यातला माणूस

"माणूस कुठाय?" इंग्रजीच्या मास्तरांनी टेबलावर डस्टर आपटलं. "सिस्टर, वाक्यातला माणूस कुठं गेला?"

सिस्टर उभीच होती. दिवसभर वॉर्डात उभं राहून वर्गात आल्यावरही तिला धड बसवत नसे. "टू सिट, टू टेक टॅब्लेट," तिनं पुन्हा म्हणून दाखवलं. "बरोबर आहे ना, सर?"

"काम बरोबर आहे हो, पण बसणार कोण? खुर्ची? आय वाँट यू टू सिट. आय वाँट हिम टू टेक द टॅब्लेट विथ वॉटर. आधी माणूस घाला, मग टू लावून काम घाला. कुणाबरोबर, कुठं, किती वेळ, ते शेवटी. विथ मी, ऑन द बेड, फॉर अ मिनिट. माणूस गाळलात तर ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई भिंतीशी बोलतेय!"

वर्ग हसला. सिस्टरही हसली, पण घरी जाताना तेच डोक्यात घोळत राहिलं. अर्धं आयुष्य वॉर्डात काढलेल्या बाईची ती जुनी खोड होती. चला, उठायचं आता. तोंड उघडायचं. कूस बदलायची. रडायचं नाही. कुणाला तू म्हणावं, कुणाला तुम्ही, काका म्हटलं तर राग येईल की आजोबा म्हटलं तर, ही भानगडच नको. माणूस काढून टाकला की काम झटपट उरकतं.

वाईट एवढंच की ही खोड घरी आली होती. नवरा बसचा ड्रायव्हर. वर्षापूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं. हात लुळा, पाय ओढत चालायचा, गालाला त्या बाजूनं स्पर्शही कळत नसे. झटक्याच्या आधी ती "अहो, उठा की आता!" म्हणून पांघरूण ओढायची, आणि तो "बाईसाहेब, गाडी डेपोतच आहे अजून," म्हणून कूस बदलायचा. आता ती म्हणे, "उठायचं. गोळी घ्यायची." तो उठे, गोळी घेई. बाईसाहेब हा शब्द घरातून केव्हा गेला, तिला आठवत नव्हतं.

समुद्रापलीकडच्या देशात म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत दोन वर्षांची नोकरी मिळत होती. इंग्रजीची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. नवऱ्याची थोरली बहीण, ताई, त्याच्यासाठी येऊन राहायला तयार होती. सगळं जमलं होतं. जमत नव्हतं ते एकच: तो काही बोलत नव्हता. विचारलं की म्हणे, "बघ, तुझं तू." त्याच्या पुढं गाडी जात नसे.

औषधं महाग झालीत, घर चालवायला हवं, असं ती लोकांना सांगे. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. तिला जायचंच होतं. ट्रेनिंगला असल्यापासून जायचं होतं. आजारी नवऱ्याला सोडून जावंसं वाटतं याची तिला लाज वाटे, आणि लाज वाटूनही जावंसं वाटतच राही. तो एकदा 'नको' म्हणाला असता तर ती कुरकुरत का होईना, राहिली असती. 'जा' म्हणाला असता तर उडतच गेली असती. तो काहीच म्हणेना म्हणून ती घासलेली भांडी पुन्हा घासत बसे आणि घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घाली.

रोज त्याची दाढी करून देता देता ती त्याच्यासमोर सराव करी. "इट इज ईझी फॉर मी टू वॉक. इट इज हार्ड फॉर हिम टू वॉक."

फेसातून आवाज आला, "हिम कोण?"

"कोण म्हणजे? तुम्हीच."

"मग समोर बसलेल्याला हिम काय म्हणतेस? यू म्हण की."

ती गोरीमोरी झाली. "आता बोलायचं नाही, कापेल," म्हणाली आणि हनुवटी वर केली. माणूस पुन्हा गळला होता.

परीक्षा फोनवर होती, चित्रासकट. पाण्याच्या तांब्याला टेकून तिनं फोन उभा केला, दोनदा सरकवला, तिसऱ्यांदा सरकवणार तोच पडद्यावर पिकल्या केसांची एक हसरी बाई आली. नाव, गाव, अनुभव सगळं सुरळीत झालं. मग परीक्षक बाई म्हणाल्या, आता रुग्णाला पलंगावर उठवून बसवा, आणि काय करताय ते त्याला सांगत सांगत करा. घरात कुणी असेल तर उत्तम.

सिस्टरनं तयारी केली होती ती उशीवर. ती उशी घ्यायला वळली.

"उशी कशाला?" नवरा पलंगावरून म्हणाला. "मी आहे की."

ती त्याच्यापाशी गेली. "सिट अप," ती म्हणाली, "टू होल्ड, टू टर्न..." आणि अडकली. परीक्षक बाई वाट पाहत होत्या.

नवरा ओठ न हलवता पुटपुटला, "माणूस घाल. रोज मास्तरांच्या नावानं ओरडतेस ना घरात!"

तिनं श्वास घेतला. "आय वाँट यू टू पुट युवर आर्म अराउंड माय नेक."

त्यानं डावा हात तिच्या गळ्यात टाकला.

"आय वाँट यू टू होल्ड ऑन टू मी. आय ॲम गोइंग टू टर्न यू टुवर्ड्स मी." तो वळला. पाय खाली आले. "इज इट ऑलराइट फॉर यू टू सिट विथ मी फॉर अ मिनिट?"

"येस, सिस्टर," तो म्हणाला.

ती वाक्यं म्हणताना तिचे कान तापले होते. माझ्या गळ्यात हात टाका, मला धरा, माझ्याजवळ जरा बसा. आपल्या भाषेत यातलं एक अक्षर तिनं वर्षभरात त्याला म्हटलं नव्हतं, आणि आता एका अनोळखी बाईसमोर ती ते खणखणीत म्हणत होती. दोघं पलंगाच्या कडेवर शेजारी शेजारी बसले होते. त्याचा हात अजून तिच्या गळ्यातच होता.

परीक्षक बाईंनी मग त्यालाच विचारलं, तुम्हाला काय हवंय, सिस्टरनं तुमच्यासाठी काय करावं?

हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तो फोनकडे बघत राहिला. "आय वाँट हर..." एवढं म्हणून थांबला. सिस्टरचा जीव टांगणीला लागला. ज्या शब्दासाठी ती इतके दिवस भांडी घासत होती तो आता परक्या भाषेत येणार होता. जा की राहा?

"...टू ओपन द विंडो," तो म्हणाला.

परीक्षक बाई हसल्या. सिस्टर उठून खिडकीशी गेली. त्याला वारा बाधतो म्हणून ती खिडकी वर्षभर बंदच होती. कडी घट्ट बसलेली. ती जोर लावत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. रागच आला होता तिला. एवढी संधी चालून आली आणि मागितलं काय, तर खिडकी! कडी निघाली तेव्हा तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि मगच फोनकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर असतानाच कळलं, पास. मैत्रिणींनी पेढे मागितले, ती हो म्हणाली आणि घरी निघाली. वाटेत वाक्यं जुळवत होती. अहो, झालं माझं. अहो, आता तुम्हीच सांगा. प्रत्येक वाक्य दोनचारदा मोडून पुन्हा जुळवलं, तोवर दार आलं.

तो पलंगावर नव्हता. उघड्या खिडकीशी खुर्चीत बसला होता. पलंगापासून खुर्चीपर्यंत कोण घेऊन आलं, हे विचारायची गरज नव्हती. फरशीवर पाणी सांडलं होतं, खिडकीत आरसा उभा केलेला, बादली उपडी. गालावर दोन ठिकाणी कापल्याच्या खुणा, एकीवर कागदाचा चिटोरा चिकटलेला. डाव्या हातानं त्यानं आपली दाढी आपण केली होती.

ती दारातच थबकली. जुळवलेली सगळी वाक्यं उडाली.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "ताईला कळव, ये म्हणावं. पण तिच्या हाती वस्तरा द्यायचा नाही हं. लहानपणी पाटीवरची पेन्सिल तासायला द्यायचो तिला, मोडूनच द्यायची. दाढीचं माझं मी बघतो."

ती पुढं आली आणि वॉर्डातल्या सवयीनं तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून फिरली. उजव्या जबड्याखाली, जिथं त्याला कळत नव्हतं, केसांचा एक पट्टा तसाच राहिला होता. त्यावर फेस वाळून पांढरा झाला होता.

त्यानं मान उंच केली. "बघ जरा. राहिलीय का कुठं?"

तिचा हात खुंटीवरच्या टॉवेलकडे गेला. टॉवेल तिनं काढला, त्याची घडी घातली आणि तो तसाच मांडीवर घेऊन त्याच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही छान केलीत."