गेटबाहेरचा नैवेद्य

लक्ष्मणरावाला कथेतलं कळतं, असं आमच्या कंपनीत सगळे म्हणायचे. माझ्या मात्र तो माणूस पहिल्या दिवसापासून डोळ्यात खुपत होता. पुण्याहून यायचा, ऑफिसात टायपिंग करायचा आणि गणेशोत्सवात कुणाची कथा वाचायची हे ठरवायचा.

यंदा मोठे साहेब ऐकायला येणार होते, म्हणून मी कथा लिहिली. एरवी मला काय करायचीय कथा? पिंपरीतलं आमचं रान कंपनीत गेलं आणि बांधावरचा म्हसोबा कुंपणाच्या आत राहिला. माझे आबा, म्हणजे वडील दत्तोबा, दर अवसेला दहीभात घेऊन गेटवर जायचे. पहारेकरी आत सोडायचा नाही. मग आबा दहीभाताचं पान गेटबाहेर मातीत ठेवायचे, आत बघून हात जोडायचे आणि परतायचे. मी आत लेथ मशीनवर कामाला होतो, पण घरातल्या थोरल्यानंच नैवेद्य दाखवायचा ही आमची रीत. एवढंच लिहिलं होतं मी. साहेबांनी ऐकावं आणि अवसेला घटकाभर गेट उघडावं, बस्स.

लक्ष्मणरावानं कागद वाचून नाक मुरडलं. "हिंदुराव, कथेला पात्रं लागतात, संघर्ष लागतो, शेवट लागतो. इथं म्हातारा येतो आणि जातो. शेवट कुठाय?"

"शेवट न्हाईच झाला अजून," मी म्हणालो.

"आणि प्रकार कोणता हा? गणपतीत रडकं चालत नाही. मी विनोदी करून घेतो."

"एक अक्षर बदलायचं न्हाई!"

तो नुसता हसला.

मांडवात त्यानंच कथा वाचली. त्याच्या कथेतला म्हातारा पहारेकऱ्यालाच म्हसोबा समजतो, त्याला दहीभात भरवतो, आणि पहारेकरी ढेकर देऊन आशीर्वाद देतो. मांडव हसून लोळला. साहेब डोळे पुसत होते. दुसऱ्या रांगेत आबा बसले होते. ते हसले नाहीत, उठूनही गेले नाहीत.

"अरे, त्या म्हाताऱ्याला सोडा आत!" म्हातारा खरा आहे असं लक्ष्मणरावानं सांगताच साहेब ओरडले. "आपण सगळे बघायला जाऊ."

अवसेला गेट सताड उघडं होतं. दोन्ही बाजूंना ऑफिसातली माणसं दात काढत उभी होती. सगळ्यांत पुढे लक्ष्मणराव. "या आजोबा, या! देव भुकेजलाय!"

आबा आले. गेटसमोर थांबले आणि पान नेहमीच्या जागी, बाहेर मातीत ठेवलं.

"आबा, गेट उघडं हाय," मी म्हणालो.

"दिसतंय मला. ही मानसं हसाया आल्यात. माज्यावर हसू दे. त्यास्नी देवापातुर न्हाई न्यायचा मी."

त्यांनी हात जोडले आणि ते परत फिरले. हसणारे एकेक करून मागे सरकले. लक्ष्मणरावानं मात्र मला कोपरानं ढोसलं. "वा हिंदुराव! मिळाला की तुमच्या कथेला शेवट!"

मी त्याची कॉलर धरली आणि त्याला त्याच मातीत लोळवला. दोघा पहारेकऱ्यांनी ओढून काढेपर्यंत सोडला नाही.

माझी नोकरी गेली. गेट पुन्हा बंद झालं. पुढच्या अवसेला आबांनी दहीभात घेतला आणि मला म्हणाले, "चल, आता तूबी मोकळाच हाईस."