अठराव्या ओळीतला पाय

मित्रांनो, मी एक ब्रेडबोर्ड आहे. तळहाताएवढा, एके काळी पांढराशुभ्र, आता पिवळट. माझ्या अंगावर भोकांच्या ओळी आहेत. एका ओळीतली पाच भोकं आतून पत्र्याच्या चिमट्याने जोडलेली असतात. त्यांत सुट्या भागांचे पाय खोचले, की कथील वितळवून सोल्डरिंग न करताच सर्किट उभं राहतं. पसंत नाही पडलं तर उपटायचं.

माझे मालक रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर ते भाचीच्या गिटारसाठी आवाज बदलणारी पेडलं बनवू लागले. "याच्याइतकं ऐकून घेणारं घरात कुणी नाही," असं ते माझ्याबद्दल म्हणत, तेव्हा मी सुखावत असे.

भाचीचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. तिला स्वतःचा असा आवाज हवा होता. आठवडाभर खटपट चालली. मग एका दुपारी तिने तार छेडली आणि घसा बसलेल्या माणसाने जीव तोडून गावं, तसा आवाज निघाला.

"मामा, हात लावू नकोस! हाच!"

"अगं, मी काय केलं? आकृतीबरहुकूम तर आहे."

नव्हतं. चष्मा कपाळावर ठेवून खोचलेल्या एका रेझिस्टरचा पाय सतराव्या ओळीऐवजी अठराव्या ओळीत गेला होता. मला ते कळत होतं. सांगणार कसं?

या सर्किटला लागणारा जुना ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाज वाढवणारा तीन पायांचा भाग, मामांकडे एकच होता; तसंच दुसरं सर्किट करता येणार नव्हतं. म्हणून त्यांनी सगळे भाग माझ्यातून उपटले आणि आकृती पाहून पेडलच्या डबीत पक्के सोल्डर केले. भाचीने तार छेडली. आवाज स्वच्छ निघाला, चारचौघांसारखा.

"याचा घसा बरा झाला की रे, मामा," ती हसली. डोळे मात्र भरले होते.

"माझंच चुकलं. सोल्डरिंगच्या आचेने ट्रान्झिस्टर बिघडला असणार."

मामांनी सगळं सोडवून पुन्हा माझ्यावर मांडलं. या वेळी चष्मा नाकावर होता. प्रत्येक पाय बरोबर ओळीत. तीनदा मांडलं, तीनदा तपासलं. दर वेळी तो पाय अठराव्या ओळीवरून सतराव्या ओळीत जाई आणि मी तसाच आ वासून पडलेला.

आवाज स्वच्छ तो स्वच्छच. शेवटी सगळे भाग पुन्हा सोल्डर करून डबी बंद झाली. कार्यक्रमाला निघताना भाची म्हणाली, "चालेल, मामा." त्यानंतर त्यांनी सोल्डरिंग केलेलं नाही. हात थरथरतो, असं सांगतात. थरथरत नाही, मी पाहिला आहे.

मित्रांनो, मनासारखं काही जमून आलं, तर मोडण्याआधी ते जसं आहे तसं कागदावर उतरवून घ्या. जसं असायला हवं होतं, तसं नव्हे. आम्हाला सगळं ठाऊक असतं, पण तुम्ही विचारलंत तरी आम्हाला बोलता येत नाही.